बहादूर पुलाच्या अलीकडे राहिला

आमच्या रहाटणीतून नेपाळात माझ्याशिवाय कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. देहूरोडच्या पलटणीतली गुरखा माणसं जातात-येतात, पण ती रजेवर जातात, आणि रजेवर गेलेला माणूस काही बघत नाही, झोपतो. मी बघून आले. आल्यापासून जो भेटेल त्याला सांगत होते, तर सून म्हणाली, "आत्या, आता लिहूनच काढा, म्हणजे ज्याला हवं तो वाचेल." तिचा सूर मला कळला. पण वही तिनेच आणून दिली, म्हणून लिहिते.

आधी बहादूर कोण ते सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

पिंपरीला रस्त्याच्या कडेने कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हा, बासष्ट साली, आमचे हे एका कंपनीत हेल्पर लागले. त्याच महिन्यात गेटवर एक नेपाळी वॉचमन लागला. तेवीस वर्षांचा, गोरा, सरळ नाकाचा, कोणी बोललं की आधी हसणारा. टाइम ऑफिसातल्या कारकुनाने त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं. कारकुनाला ते नाव नेपाळ्याचं वाटेना. "नेपाळी म्हणजे बहादूर," असं म्हणून त्याने लिहिलं, बहादूर सिंग. पास याचा आणि नाव कारकुनाच्या मनचं. अर्थात हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही सगळे त्याला बहादूर म्हणायला लागलो आणि तो ओ द्यायला लागला.

मी कामगारांची खानावळ चालवते. आमचे हे गेले, खानावळ राहिली. बहादूर पहिल्या वर्षापासून माझ्याकडे जेवतो. रविवारी मटण असतं. भाकरीला हात लावायच्या आधी तो रश्श्याची वाटी तोंडाला लावतो आणि म्हणतो, "मावशी, तिखट कमी पडलं." अठरा वर्षं तेच वाक्य. मी मिरच्या बदलून पाहिल्या, मसाला कुटणारी बाई बदलली. वाक्य बदललं नाही.

तर गेल्या साली चैत्रात तो दुपारचा आला आणि म्हणाला, "मावशी, महिनाभर गावी जातो. मत द्यायचंय."

मी म्हटलं, "अरे, तू इथं दिलंस की. मीच नेलं होतं तुला." खरंच नेलं होतं. आमच्याकडे इलेक्शन आलं की एका पुढाऱ्याचा माणूस येऊन खानावळीतल्या सगळ्यांची नावं यादीत घालून जायचा. मग मतदानाच्या दिवशी टेम्पो यायचा, आम्ही सगळे बसून शाळेत जायचो. बहादूर तीनदा आला होता.

"ते बहादूरने दिलं," तो म्हणाला. "मी अजून दिलं नाही."

"मी म्हणजे कोण?"

तेव्हा त्याने सांगितलं. "माझं नाव तुलसीराम उपाध्याय. भटजींचं घर आहे आमचं. वडील पूजा सांगायचे."

मी चुलीकडे पाहिलं. नशिबाने त्या दिवशी बुधवार होता, चुलीवर वांगी होती.

मग त्याने बाकीचं सांगितलं. त्यांच्याकडे पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि मताला एकवीस पूर्ण लागायची. वडिलांचे पाय गेलेले, म्हणून त्याने त्यांना पाठीवरच्या 'डोको'त, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवून चढ चढून मतदानाला नेलं. वडील आत गेले, हा बाहेर उभा राहिला. परत येताना टोपलीतून वडील म्हणाले, "पुढच्या वेळी तू." पुढची वेळ आली नाही. राजाने सगळं बंद केलं. वडील गेले, हा इकडे आला. आता राजाने पुन्हा एकदा सगळ्यांना विचारायचं ठरवलं होतं.

"एकदा द्यायचंय, मावशी. माझ्या नावाने."

मी म्हटलं, "अठरा वर्षं खोटं नाव सांगितलंस. आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही."

तो म्हणाला, "मग चला."

मी आपलं बोलून गेले होते. पण ती माणसं असलं बोलणं धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो तिकिटाची चौकशी करूनच आला. निघताना एकच गोष्ट त्याने तीनदा बजावली, "घरी जेवणाबद्दल काही बोलू नका. आमाला वाटतं मी हाताने करून खातो." आमा म्हणजे आई.

"मग खानावळवालीने बोलायचं कशाबद्दल?"

"तुम्ही घरमालकीण आहात. घराबद्दल बोला."

शेजारच्या शकीलाभाभींनी, ज्यांच्या मालकांचं गॅरेज आहे, मला त्यांची निळी लोकरीची शाल दिली. म्हणाल्या, "लई थंडी असते म्हणे तिकडं. आन् तुमी बोलत ऱ्हाता, तोंडात वारं जातं." मी माझं चांगलं पिवळं लुगडं नेसले, वर ती निळी शाल घेतली आणि निघाले. बहादूरने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काही बोलला नाही. त्याचं कारण पुढे येतं.

सोनौली

पुण्याहून गोरखपूरपर्यंतच्या रेल्वेबद्दल लिहीत नाही. बसायला जागा मिळाली, मग उठायला मिळाली नाही. एवढंच.

सरहद्द म्हटल्यावर मला वाटलं होतं तारा असतील, बंदुका असतील. तिथे एक आडवा बांबू होता आणि बांबूजवळ एक माणूस खुर्चीवर बसला होता. आमच्याकडे न बघताच त्याने बांबू वर केला. बहादूर गेटच्या धंद्यातला माणूस. तो थांबला आणि मला हळूच म्हणाला, "याचं रजिस्टर कुठंय?" पुढे बराच वेळ त्याला ते लागून राहिलं होतं. आपल्या देशात असं कोणीही आत येतं म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. तो अठरा वर्षांपूर्वी याच बांबूखालून बाहेर पडला होता, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.

पलीकडे पहिल्याच चहाच्या दुकानात भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर साल होतं २०३७. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पिंपरीतून निघाले तेव्हा १९८० होतं. बहादूर म्हणाला, "आमचं असंच मोजतात." पुढे कोणी 'पंधरा सालात' म्हणाला की मला माझे आजोबा डोळ्यांसमोर यायचे, आणि तो सांगत असायचा एकोणसाठची गोष्ट. शेवटी मी वजाबाकी करायची सोडून दिली.

चहा घेताना दुकानातली चार माणसं माझ्याकडे बघून आपसांत वाद घालू लागली. एकाने शालीकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने लुगड्याकडे. मी विचारलं, "काय झालं रे?"

तेव्हा बहादूरने तोंड उघडलं. राजाने विचारलं होतं ते असं, की देशात पक्ष असावेत की नसावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रंग ठेवले होते. पक्ष पाहिजेत म्हणणाऱ्यांचा निळा. आहे ती बिनपक्षांची पंचायतच सुधारून चालवा म्हणणाऱ्यांचा पिवळा.

"आणि हे तू मला रहाटणीत सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला थंडी वाजली असती," तो म्हणाला.

आमच्याकडे पिवळा म्हणजे भंडारा आणि निळा म्हणजे कोणाचा ते सांगायला नको, दोन्ही रंग एकाच गल्लीत सुखाने नांदतात. पण तिथे मी ज्या गावातून गेले तिथे लोक माझ्याकडे बघून बुचकळ्यात पडत. दुपारी ऊन झालं की मी शाल काढायचे, तेव्हा पिवळे खूश व्हायचे. संध्याकाळी गार सुटलं की शाल घ्यायचे, तेव्हा निळे. माझ्याइतकी पलटणारी बाई त्या डोंगरांनी पाहिली नसेल.

रीडी

तानसेन नावाचं गाव लागलं. बसमधून उतरून मी कान देऊन ऐकलं, गाणं काही ऐकू आलं नाही. तिथून पुढे पायी.

आपल्याकडे डोंगर म्हणजे माणूस देवाला किंवा लाकडाला जातो. तिथे माणसं शेजारणीकडे मीठ मागायला जायलाही डोंगर उतरतात. वाट म्हणजे दगडी पायऱ्या. पहिल्या दिवशी हजारेक पायऱ्या उतरल्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बहादूरने पिशवीतून कंपनीचे सेफ्टी शूज काढले, पुढे लोखंडी टोपी असलेले. "घाला," म्हणाला, "आठ वर्षं झाली, एकदाही पायावर काही पडलं नाही." मग मी पिवळं लुगडं, निळी शाल आणि सेफ्टी शूज अशी नेपाळातून चालले. पायावर खरंच काही पडलं नाही.

वाटेत काफळ नावाची तांबडी बारीक फळं खाल्ली. करवंदासारखी मूठ भरून खायची, बी मोठी, गर नावाला. झाडाखाली एक पक्षी सारखा ओरडत होता. बहादूर म्हणाला, "तो म्हणतोय, काफळ पिकलं." मी म्हटलं, दिसतंय की मला.

दुसऱ्या दिवशी रीडीला पोचलो. खाली काळी गंडकी वाहते. काळीच आहे, नाव ठेवणाऱ्याने मेहनत घेतलेली नाही. तिच्यात शाळिग्राम सापडतात, तेवढ्यासाठी लोक लांबून येतात. अलीकडच्या काठावर एका टपरीत नदीतले मासे तळून ठेवले होते. बहादूर बाकावर बसला, दोन मासे खाल्ले, मग आणखी एक. पान पुसल्यासारखं साफ केलं. मग नदीवर जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली. शर्टाची वरची बटणं सोडून आतून जानवं बाहेर काढलं आणि नीट खांद्यावर घेतलं.

मी बघत राहिले. "हे अठरा वर्षं कुठं होतं?"

"बनियनच्या आत."

झुलता पूल होता. आम्ही चाललो की तो हलायचा, म्हणून मी त्याच्या पाठीला धरून चालले. मधोमध आल्यावर मी म्हटलं, "बहादूर, जरा हळू चाल."

तो वळून म्हणाला, "मावशी, पुलापलीकडे तुलसीराम म्हणा."

गाव

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे जो हरिप्रसाद येतो, तो अजून तिथेच राहतो.

तुलसीरामची आमा म्हणजे मूठभर बाई, पांढरे केस, नाकात सोन्याची फुली. लेकाने पायावर डोकं ठेवलं तेव्हा रडली नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ नुसती केस चाचपत बसली, टक्कल किती पडलं ते बघत असावी. माझ्यासाठी ओसरीवर चटई टाकली. ओसरी आपल्यासारखीच सारवलेली, वर तांबड्या मातीचा हात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी गेले तेव्हा तिने हसून हात आडवा केला. मी चंद्रावरून आलेली नाही, मला कळलं. आमच्या गावीही अशी घरं होती. अठरा वर्षं ज्याला मी वाढलं त्याच्या घरी मी ओसरीवर जेवले, आणि तो आत, उघड्या अंगाने, धोतर नेसून, न बोलता. माझ्या खानावळीत शेजाऱ्याच्या ताटातलं हाड मागणारा माणूस, भात कालवतानाही आवाज करेना.

जेवण चांगलं होतं. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट करतात, त्याला ढिंडो म्हणतात. आपल्या पिठल्याचा थोरला भाऊ, पण फोडणी नाही. सोबत मुळ्याचा पाला आंबवून वाळवलेला, त्याची आमटी. लाकडी भांड्यात लावलेलं दही, वडीसारखं कापावं असं.

पहिल्याच संध्याकाळी माझ्याकडून चूक झाली. पाणी पाहिजे होतं, तो अंगणात उभा होता. सवयीने तोंडातून गेलं, "अरे बहादूर, तांब्या दे."

अंगणात पाच-सहा माणसं होती. सगळी वळून माझ्याकडे बघायला लागली. आमाने त्याला काहीतरी विचारलं. त्याने काहीतरी सांगितलं. तिने मान डोलावली आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

नंतर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बहादूर म्हणजे काय, असं विचारलं."

"मग?"

"मी सांगितलं, मराठीत लेकाला बहादूर म्हणतात."

पण त्या पाच-सहा माणसांत हरिप्रसाद होता. तुलसीरामच्या काकांचा मुलगा. हा सहा वर्षांपूर्वी नोकरी शोधायला पिंपरीला आला होता. दहा दिवस बहादूरच्या खोलीवर राहिला, माझ्याकडे जेवला, मग घरची आठवण येते म्हणून परत गेला. मला बघितल्याबरोबर त्याने लांबूनच हात जोडले, "नमस्ते मावशीजी," आणि लगेच म्हशीचं काम आठवल्यासारखा निघून गेला. तो आता पिवळ्यांचा गावातला मुख्य माणूस होता, आणि भारतातून आलेला माणूस निळ्यालाच मत देणार अशी त्याची खात्री होती. दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर येऊन हिंदीतून, म्हणजे मला कळावं म्हणून, चुलतभावाला म्हणाला, "दादा, एवढ्या लांबून कशाला आलात? तुम्ही तिकडचे झालात. तिकडे मत देता. दोन ताटांत जेवू नये माणसाने."

ताटाचं नाव त्याने काढलं. मी नाही.

तुलसीराम नुसतं म्हणाला, "यादीत माझं नाव आहे, हरि. बाबांनी घालून ठेवलं होतं, आमाने कापू दिलं नाही."

गावात वडा-पिंपळाचा पार आहे, ओझंवाले ओझं टेकतात त्यासाठी बांधलेला. तिथे गावचे म्हातारे मास्तर बसतात. त्यांना हिंदी येत होती. मी त्यांना विचारलं, तुमच्या भागात आजवर मतदान झालं ते सगळं सांगा. आपल्याकडे असं विचारलं तर सांगणारा दुपार खातो. मास्तरांनी चहा निवायच्या आत संपवलं.

"पंधरा सालात एकदा झालं," ते म्हणाले. "इथून एक माणूस निवडून दिला. तो चालत काठमांडूला गेला, बसला. दोन वर्षं व्हायच्या आत राजाने सभा बंद केली. मग एकोणीस साली पंचायत आली. गावात आम्ही हात वर करायचा. त्या हातांनी निवडलेल्यांनी जिल्ह्यासाठी हात वर करायचा. त्यांनी त्याच्या वर. आपला हात कुठवर पोचला ते खालून दिसत नाही."

"म्हणजे एकवीस वर्षांत खरं मत एकच?"

"एकच," मास्तर म्हणाले. "पण कोणी कोणते कपडे घालून गेलं होतं तेसुद्धा सगळ्यांना आठवतं. याने बापाला टोपलीतून नेलं ते मी बघितलंय. परतताना उतारावर दोघं पडले. बाप टोपलीत बसल्या बसल्या हसत होता."

आमच्याकडे मी किती मतं दिली ते मला सांगता येणार नाही. टेम्पो आठवतो.

मतदानाचा दिवस

मतदान शाळेत होतं, दीड तासाच्या चढावर. तुलसीराम पहाटेच आंघोळ करून कपाळाला गंध लावून तयार होता. आमाने आधी मत दिलं. कोणता रंग ते सांगितलं नाही, पण बाहेर येऊन अंगठ्यावरची शाई पदराने झाकून बसली, जसं काही ती वाऱ्याने उडेल. मी तिच्याजवळ झाडाखाली बसले. शाळेला भिंती तीनच, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

तुलसीराम टेबलापाशी गेला. साहेब बाहेरगावचे होते, टोपी घातलेले, घामाने बेजार. त्यांनी नाव विचारलं. बाजूला पिवळ्यांच्या वतीने हरिप्रसाद बसला होता. तो उठला आणि काहीतरी बोलला. साहेबांनी तुलसीरामला विचारलं, "तू कोण? काही कागद आहे?"

आता काय झालं ते नीट समजून घ्या. गेटवर उभं राहून अठरा वर्षं जो माणूस दुसऱ्यांना "पास?" म्हणतो आणि स्वतःलाही रोज कोणीतरी तेच म्हणतं, त्याला टेबलामागचा माणूस 'कोण' म्हणाला की हात आपोआप वरच्या खिशात जातो. तुलसीरामने पास काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी वाचलं, "बहादूर सिंग. वॉचमन."

हरिप्रसाद मुद्दाम मला कळेल अशा हिंदीत म्हणाला, "बघा. हा बहादूर सिंग आहे. भारताच्या यादीत नाव आहे, तिकडे मत दिलेलं आहे. ही बाई तिकडचीच आहे, हिला विचारा. परवा अंगणात सगळ्यांसमोर हिनेच बहादूर म्हणून हाक मारली."

तुलसीराम उभा होता. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मानेवर जानव्याचा दोरा तेवढा दिसत होता. रांग थांबली होती. आमा माझा हात धरून बसली होती, तो तिने सोडला. जा, अशा अर्थाने.

मी सेफ्टी शूज वाजवत आत गेले.

साहेब मला हिंदीत म्हणाले, "माताजी, खरं सांगा. बहादूर सिंगला ओळखता?"

मी हिंदीत बोलले, म्हणजे मराठीच, शेवटी 'है' लावून. म्हटलं, "चांगली ओळखते. अठरा वर्षं माझ्या खानावळीत जेवतो. टेम्पोत बसवून मत द्यायला मीच नेते त्याला. दर रविवारी मटण खातो. हाड फोडून खातो."

बाहेरच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. तुलसीरामची मान आणखी ताठ झाली.

"मग हा तोच का?"

मी म्हटलं, "साहेब, हा भटजींचा मुलगा. गळ्यात जानवं आहे. हा कसा मटण खाईल? पास बहादूरचा आहे, प्रवासात याच्याजवळ राहिला. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर हे हरिप्रसाद आहेत ना. दहा दिवस माझ्याकडे जेवायला होते. बहादूरच्या शेजारीच बसायचे, मांडीला मांडी लावून, एका पंगतीत. त्यात दोन रविवार आले. ते सांगतील, तो बहादूर हाच का."

मी आणखी एवढंच म्हटलं, "दुसऱ्या रविवारी यांनी रस्सा परत मागून घेतला होता. पण ते जाऊ द्या."

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मग हरिप्रसादला विचारलं, "तुमच्या शेजारी बसून मटण खाणारा माणूस हाच होता?"

हरिप्रसादने चुलतभावाकडे पाहिलं. मग बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे पाहिलं. त्यांत त्याचे सासरेही होते.

"नाही," तो म्हणाला. "तो दुसरा होता."

"नक्की?"

"तिकडे पुष्कळ बहादूर आहेत."

"गेटागणिक एक आहे," मी म्हटलं.

साहेबांनी यादीवर खूण केली आणि तुलसीराम उपाध्याय हे नाव मोठ्याने वाचलं. पास उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा त्या बहादूरला परत द्या. आणि सांगा, पास दुसऱ्याजवळ ठेवू नये."

तुलसीरामच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. तो पडद्याआड गेला. मला वाटलं पटकन येईल, रंगाचंच तर काम. पण बराच वेळ आत होता. पडद्याखालून पाय दिसत होते, जोडून उभे. मग बाहेर आला, पायऱ्या उतरला आणि जिथे एकवीस वर्षांपूर्वी उभा होता म्हणे, तिथे जाऊन थोडा वेळ उभा राहिला.

घरी जाताना मी विचारलं, "निळा की पिवळा?"

"मावशी, तुम्ही दोन्ही घातलेत," तो म्हणाला. "मी एकच दिला."

परत

निघताना तुलसीराम पुढे पारावर मास्तरांच्या पाया पडायला गेला. मी शूज बांधत होते. आमा माझ्यापाशी आली आणि कापडाची एक पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. उघडून बघितलं तर वाळलेल्या मिरच्या, बारीक, गोल, वासानेच शिंक यावी अशा. मी मान हलवली, कशाला म्हणून. तिने लेकाच्या पाठीकडे बोट केलं, मग माझ्या हाताकडे, मग स्वतःच्या जिभेकडे. आणि म्हणाली, "बहादूर."

मी खानावळवाली आहे. एवढ्या बोलण्यावर मला सगळं कळतं. त्याने हाताने करून खाल्लं नाही, हे तिला कधी कळलं होतं ते मात्र कळलं नाही. शाळेत, की त्याच्या अंगावरचं मांस बघून पहिल्याच दिवशी.

रीडीच्या पुलाच्या अलीकडे टपरीवाला मासे तळत होता. मी पिशवीतून पास काढून पुढे केला. तुलसीरामने माशांकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुमच्याजवळच राहू दे." गोरखपूरपर्यंत आणि तिथून पुण्यापर्यंत तो पुरीभाजी खात राहिला. मला जरा काळजीच वाटली. बहादूरला घेऊन गेले होते, परत भलत्यालाच आणते की काय.

वाटेत कळलं, पिवळा जिंकला. तो 'हं' म्हणाला. हरला असता तरी असाच म्हणाला असता, असं मला वाटलं, म्हणून रंग पुन्हा विचारला नाही. यंदा तिथे माणसं निवडायचं मतदान झालं, पक्षांशिवाय. कंपनीने रजा दिली नाही. तेव्हा तुलसीराम उपाध्यायचं आजवरचं मत एकच.

आम्ही शुक्रवारी रहाटणीत आलो. शकीलाभाभींना शाल परत केली. त्या म्हणाल्या, "उबदार हाय का न्हाई?" मी म्हटलं, "उबदार आहे, पण तुमच्या शालीने दोन गावांत वाद लागले." त्या म्हणाल्या, "तुमी बोलला असाल." शनिवारी तुलसीराम जेवायला आला नाही. पास माझ्याकडेच होता. सोमवारी त्याची पहिली शिफ्ट.

रविवारी मी आमाच्या मिरच्या कुटल्या. मोजक्या सहा घेतल्या. कुटताना सून दार उघडून बाहेर जाऊन उभी राहिली.

तो साडेबाराला आला. गंध नव्हतं, जानवं दिसत नव्हतं. आपल्या जागेवर, खिडकीखाली बसला. मी आधी पास त्याच्या ताटाशेजारी ठेवला, मग रश्श्याची वाटी ठेवली. त्याने पास खिशात घातला. शाईचा डावा अंगठा मुठीत घेऊन मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने वाटी उचलून तोंडाला लावली.

मी पळी हातात धरून उभी राहिले. आता म्हणेल, मग म्हणेल.

त्याने वाटी खाली ठेवली. कान लाल झाले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वाटीकडे, बराच वेळ.

"मावशी," बहादूर म्हणाला, "पाणी."